चार पावलं अन् एक घास

जरा जवळ सरका बरं. लांब बसून, एक डोळा त्या फोनवर ठेवून माणूस कळतो का कधी? तुमचं हेच मला आवडत नाही, विचारायचं तुम्हीच आणि उत्तर यायच्या आत उठायचंही तुम्हीच. ठेवा तो बाजूला. धुरपदाबाई उभ्या उभ्या सांगण्यासारखी बाई नाही.

ती आमच्या पुसेगावचीच. पंचवीस-तीस शेळ्या, थोडी मेंढरं. सकाळी कळप घेऊन माळाला लागायची ती दिवस कलल्यावर परत. काटकुळी बाई, पण चाल अशी की तिच्याशी बोलायचं तर पळावं लागे. तिला एक खोड होती. कुणाच्याही दारात बांधलेली शेळी दिसली की विचारायचं नाही, पुसायचं नाही, सरळ वळायची आणि शेवटच्या बरगडीमागं कण्यावर दोन बोटं दाबून अंगावर चरबी किती ते बघायची. मग निकाल सांगून चालती व्हायची. "पोट खोटं बोलतं," म्हणायची, "पाठ खोटं बोलत न्हाई." एका लग्नात ढेरपोट्या व्याह्याकडं बघून तिनं पंगतीत सांगितलं होतं, ह्याला आठ दिवस माझ्यासंगं धाडा. व्याही रुसले, बाकीची पंगत हसून लोळली.

तर अशीच ती एके दिवशी माझ्या दारात वळली. माझी चंद्री बांधलेली होती. लेकरं नोकरीपायी बाहेर गेल्यावर घरात आम्ही दोघं नवराबायको आणि ही चंद्री. मी तिला ज्वारी घालायची, भाकरी, पोळी, गुळाचा खडासुद्धा. लोक म्हणायचे, गुरवाची शेळी का म्हैस? मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण महिनाभर ती पाल्याला तोंड लावत नव्हती, आणि मी आणखी गोडधोड पुढं करत होते.

धुरपदाबाईनं बोटं दाबली, परत दाबली. "हाडच घावून न्हाई राहिलं. गुरवीणबाई, हिला काहून बांधून ठेवलं?"

मी म्हटलं, तिची भूक मेलीय, चालेल कशी? तर ती म्हणाली, "उलटं हाय. चालत न्हाई म्हणून भूक मेली. चार पावलं अन् एक घास, देवानं शेळीचं ताट असं वाढलंय. तुमी समदं एका जागी वाढून राहिल्या." उद्यापासून कळपात सोडा, म्हणाली. मला राग आला. उन्हातान्हात, काट्याकुट्यात माझी चंद्री? तुझ्या शेळ्या तू सांभाळ, असं तोडून बोलले मी तिला. ती गेली. पण रोज जाता-येता माझ्या दाराशी तिचं पाऊल जरा हळू व्हायचं.

मग पोळा आला. बैल मारुतीला फिरून गेले की घराघरातून नैवेद्य येतो, आणि पूजा आमच्याकडं असल्यामुळं तो सगळा आमच्या घरी येतो. त्या वर्षी पुरणपोळ्यांच्या दुरड्या भरल्या. खाणारी माणसं दोन. देवापुढचं अन्न उकिरड्यावर टाकायचं कसं? तिन्हीसांजेला मी चंद्रीपुढं एक पोळी धरली. तिनं मटकावली. दुसरी, तिसरी. महिनाभर पाल्याला तोंड न लावणारी शेळी हातावर तुटून पडली होती. भूक परतली म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. किती घातल्या ते मोजलंच नाही.

सकाळी बघते तर चंद्री आडवी. डावी कूस ढोलासारखी ताठ, दात करकरा खातेय, शेपटीखाली सगळं पातळ. मी नुसती बघत उभी. यांनी सेनगावच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला तेव्हा कुठं मला भान आलं. तशीच अनवाणी धावत जाऊन मी धुरपदाबाईला गावाबाहेर गाठलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा कळप अर्ध्या वाटेवरून माघारी वळवला.

तिनं डाव्या कुशीत मूठ रुतवली आणि डोळे मिटून थांबली. आत काहीतरी हलायची वाट बघत होती. "गिरणी थांबली," एवढंच म्हणाली. डॉक्टर आले, सुई टोचली, नळीनं औषध पोटात सोडलं. रवंथ करणारं पोट एवढं गोड आणि मऊ एकदम पेलत नाही, आंबतं, म्हणाले. आता पुढं सगळं तिच्या ताकदीवर. दुपार व्हायच्या आधीच चंद्रीची मान माझ्या मांडीवर कलंडली.

मी बोलणी खायला तयार होऊन बसले होते. धुरपदाबाईचा हक्कच होता तो. पण ती माझ्या शेजारी खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी अकरा मारल्यात."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग तिनं सांगितलं. नवी नवरी होती. साल कोरडं, शेळ्या माळावरून रिकाम्याच यायच्या. सासरा कळमनुरीच्या बाजाराला गेला होता. हिला कीव आली. खळ्यावर ज्वारीची रास होती, तिच्यावर हिनं कळप सोडला, खा म्हणाली एकदा पोटभर. दुसऱ्या दिवशी अकरा आडव्या. "उपाशी जनावर वरडतं म्हणून आपल्याला दिसतं गं. लाडानं मरतं ते गुमान मरतं." सासरा हिला एक शब्द बोलला नाही. उरलेला कळप मात्र दुसऱ्या सकाळी राखायला हिच्याच पुढं घातला.

मला वाटायचं, ही बाई सगळं जाणूनच जन्माला आली.

आठ दिवसांनी ती दारात उभी, काखेत शेळीचं करडू. ठेवून घे, म्हणाली. मी दोन पावलं मागं सरले. माझ्या हातानं नको गं माय, म्हटलं, हा हात मारका आहे.

"म्हणूनच आणलं," ती म्हणाली. "तुझा हात आता मोजून घालंल. ज्याच्या हातनं एकबी गेली न्हाई, त्याला मी माझं लेकरू देत न्हाई." अट एकच: सकाळी हिच्या कळपात, संध्याकाळी माझ्या घरी, वर एक मूठ दाणा. मूठ माझी, बोटं मिटलेली.

त्या करडाची आता चांगली पाच वेताची शेळी झालीय. माळावरून येते ती बाभळीच्या शेंगा शोधतच येते. सकाळी मीही कळपामागं माळाच्या कडेपर्यंत जाते, आणि परत आल्यावर अर्धी भाकरी जास्त लागते मला. धुरपदाबाईला हे सांगितलं तर म्हणते, मग तू काय शेळीपरीस येगळी हाय का?

थकलीय ती आता. एका डोळ्यानं अंधुक दिसतं, उतारावर माझा खांदा धरते. तेव्हा तुम्ही या, आणि लवकर या, ती चालती आहे तोवर. सकाळी सातच्या आत आलात तर दोघी सापडू, नंतर दाराला कडी असते. आणि येताना शेळ्यांना बिस्किटाचे पुडे आणू नका. मागच्या पाहुण्यांनी आणले होते, ते तिनं त्यांच्याच पिशवीत परत भरले.