मीनलची परवानगी

तुमचे या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारी सुपारी कातरत वाचते आणि खरं सांगू — बहुतेकांना हसते. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय… रागावू नका, माझी जातच हसणाऱ्यांची. लग्न होऊन चौलला आले तेव्हा नुकती बी.एस्सी. झाले होते, म्हणजे विश्वातलं सगळं मला कळलेलं होतं! आजेसासऱ्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना, तर मी तिथेच कावळ्याच्या आहारावर व्याख्यान दिलं. माणसं उपाशी, उन्हात उभी, आणि ही शहाणी बोलतेय… सासूबाईंच्या जागी मी असते ना, तर मला तळ्यात ढकलून दिलं असतं.

तर अशा बाईचा हा अनुभव आहे.

मीनल माझी मुलगी. तिची मुलगी सई पुण्याला नोकरीला लागली आणि मीनल माझ्याकडे राहायला आली. मोबाइलची अ‍ॅप्स बनवणं हेच तिचं काम. रेवदंड्याच्या खाडीत कालवं काढणाऱ्या बायकांसाठी तिने हौसेने एक अ‍ॅप केलं होतं — भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं. बऱ्याच जणींना वाचता येत नाही, म्हणून ते बोलायचं. मीनलच्याच आवाजात. तो आवाज फोनमध्ये नव्हता, क्लाउडवर होता. फोन फक्त तिथून आणून ऐकवायचा.

मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि मीनल गेली.

अ‍ॅप मात्र चालू राहिलं. मला ओहोटीशी काय करायचंय? पण रोज सकाळी चहाआधी मी ते लावायचे. वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि एक दिवस ते गप्प झालं. 'पुन्हा साइन इन करा.' केलं, तरी गप्प. कालवांवाली हिरा दारात आली.

"आजी, मीनलताय बोलत न्हाय गो. काय झाला?"

मी आत जाऊन सईला फोन लावला.

श्राद्धासाठी सई आली ती लॅपटॉप उघडूनच बसली.

"आजी, चावी एक्स्पायर झालीय."

"कपाटाची?"

"सर्व्हरची गं! नवी करायची तर ओनरची परवानगी लागते. आणि ओनर आई."

"मग सांग ना त्यांना, मी तिची मुलगी म्हणून."

"कोणाला सांगू? मशीन आहे ते."

स्क्रीनवर पुन्हा पुन्हा लाल अक्षरं यायची — परवानगी नाही. मीनलच्या खात्यात शिरायचं तर पासवर्ड कोणाला ठाऊक नाही. नवा करायचा तर कोड तिच्या फोनवर जाणार. तो फोन माझ्या कपाटात, मेलेला, चार्जसुद्धा होत नव्हता. नंबर तर केव्हाच बंद झाला होता. कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं : कागदपत्रं पाठवा, थांबा, तोवर फाइल्स राहतील याची खात्री नाही. आणि मीनलच्या आवाजाची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

पण सईला खुपत होतं ते निराळंच.

"मी मागितला होता अ‍ॅक्सेस, आजी. आई म्हणाली, तू घाई करतेस, मोडून ठेवशील. मी म्हटलं, ठेव तुझं टाइमपास अ‍ॅप तुझ्याजवळच. त्यानंतर आम्ही नीट बोललोच नाही… आणि तिने दिला नाही तो नाहीच."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

श्राद्धाच्या दुपारी विहिरीच्या कठड्यावर पान ठेवलं. कावळे माडावर बसून मजेत बघत होते. येईनात. भटजी घड्याळ बघायला लागले. माझा मुलगा विनय हात जोडून म्हणाला, "ताई, सईचं आम्ही सगळं नीट करू." नाही. "आईला सांभाळू." तरी नाही. मी म्हटलं, "मी काय सांभाळायची वस्तू आहे? म्हणून येत नसेल तो!"

मग सई पुढे झाली. लॅपटॉप पडवीत तसाच उघडा. पानाकडे बघत कडक आवाजात म्हणाली, "आई, नोकरी सोडून मी इथे येणार नाही. खोटं कशाला बोलू? पण तुझं अ‍ॅप मी बंद पडू देणार नाही. घाई नाही करणार. विचारून विचारून करीन." आणि रडायलाच लागली.

कावळा आला नाही, हे आधी लिहून टाकते. पान शेवटी गाईला घातलं.

पण पायरीवर बसलेल्या हिराचा फोन बोलायला लागला. "उद्या पहाटे ओहोटी हाय गो बायांनो. एकटी जाऊ नका…" मीनल! आणि मागे लांबून दुसरा एक आवाज — "मीनऽल, चहा निवतोय!" तो माझा. रेकॉर्ड करताना मी ओरडले होते, तिने तो काढलाच नव्हता.

हिराने फोन पायरीवर ठेवला आणि हात जोडले.

सई लॅपटॉपकडे धावली. मेल आली होती. मीनलच्या खात्यावरून सईला ओनर केलं होतं. त्याच दुपारची मेल. नवी चावीही तयार.

मी आधी कपाट उघडलं. फोन होता तिथेच, तसाच मेलेला. सईने सगळं तपासलं; तिच्या ऑफिसातल्या मित्रांनी तपासलं. एकजण म्हणाला, कोणीतरी हॅक केलं असेल. बरं बाबा, केलं… पण हॅक करून दुसऱ्याच्या पोरीला मालक करून जाणारा चोर कुठला? माझी बी.एस्सी. पुरत नाही इथे.

सई आता पुण्याहून अ‍ॅप सांभाळते, हळूहळू, मोडतोड न करता. आवाजाच्या फाइल्सचं ते क्लाउडवरचं फोल्डर परवा मी माझ्या फोनवरून उघडायला गेले. उत्तर आलं — तुम्हाला परवानगी नाही. खाली बटण होतं, ओनरकडे परवानगी मागा. सईला हे कळलं तेव्हा ती हसली, "आजी, मी देते ना! एक क्लिक."

"तू देऊ नकोस," मी म्हटलं.

ओनर म्हणून तिथे अजूनही दोन नावं दिसतात, सईचं आणि मीनलचं. मी रोज मीनलचं नाव निवडून विनंती पाठवते.