सरबतात गेलेला बर्फ

तो बर्फ प्रयोगासाठी होता, सरबतासाठी नव्हता. एवढी साधी गोष्ट एका अख्ख्या कॉलेजला कळू नये, याचा संताप मला अजून येतो.

बुऱ्हाणपूर नव्या राज्यात जाऊन थोडीच वर्षं झाली होती. पुस्तकं हिंदीत आली होती, शिकवणं अर्धं मराठीतच चालायचं. मी प्रयोगशाळेत सहायक होतो. त्या वर्षी बी.एस्सी.च्या परीक्षेला डीएनएचा प्रयोग लावला होता. डीएनएचे दोन धागे एकमेकांभोवती वेढलेले असतात. उकळत्या पाण्यात ते सुटतात आणि दाट द्रव पातळ होतो. नळी तशीच बर्फात बुडवली, तर धागे सुटेच राहतात. सावकाश निवू दिली, तर बरेचसे पुन्हा जुळतात आणि द्रव परत दाटतो.

परीक्षेच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. बाहेरगावचे परीक्षक घामाघूम होऊन आले. प्राचार्यांनी पाहुण्यांसाठी सरबत सांगितलं आणि प्रयोगाच्या डब्यातला बर्फ तिकडे गेला. मुलांनी मुकाट्यानं पुस्तकातलं उतरवलं: नळी बर्फात ठेवली, द्रव पातळ राहिला. एकूणएक मुलांनी! दापोऱ्याच्या एका मुलीनं मात्र नळी त्याच गरम पाण्यात निवू दिली आणि द्रव पुन्हा दाटला, असं लिहिलं. नापास झाली तर घरचे कॉलेज सोडायला लावणार, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं.

असं पुस्तकात कुठं आहे, असं परीक्षकांनी तिला दरडावून विचारलं.

"सर, बरफ भेटलाच नाही," ती म्हणाली. "जे दिसलं तेच लिखलं."

ते माझ्याकडे वळले. "बर्फ होता का?"

"होता, सर," मी म्हणालो.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. तिला शून्य मिळालं. न केलेलं लिहिणारे सगळे पास झाले, त्यातले दोघे पुढे मास्तरही झाले. तिचं शिक्षण तिथंच थांबलं. तिचं उत्तर बरोबर होतं, हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं.

प्राचार्यांना आणि परीक्षकांना मी आजवर खूप शिव्या घातल्या. पण डब्यातला बर्फ फोडून सरबताच्या ग्लासांत घालणारा मीच होतो.