दोन्या तोमासानं उपसलेली जागा

आमच्या गल्लीतल्या दोन्या तोमासाला, म्हणजे तोमासाबाईला, वय विचारू नका. मी एकदा विचारलं, तर आठवडाभर मला तळाचे करपलेले तमाले मिळाले. शिकागोच्या या पिल्सन नावाच्या मेक्सिकन वस्तीत, लाँड्रीच्या कोपऱ्यावर, ती सव्वीस वर्षं पहाटे पाचला मक्याच्या पानात गुंडाळलेल्या या सारणभरल्या उंड्यांचं वाफाळतं पातेलं घेऊन उभी राहते. कारखान्याची पहिली पाळी तिच्या हातचं खाऊन कामाला जाते. माझा नवराही. माझ्या हातचं खाऊन त्याला म्हणे काम सुचत नाही.

मग पलीकडे काचेची इमारत झाली. भाडी परवडेनात म्हणून अर्धी गल्ली उठून गेली आणि कुत्र्यांना स्वेटर घालणारी माणसं राहायला आली. इमारतीच्या मॅनेजरला तोमासाच्या कोपऱ्यावर फुलांच्या कुंड्या हव्या होत्या. तो टपूनच होता: ती एक दिवस दिसली नाही, की मांडायच्या. सिमेंटच्या मोठाल्या कुंड्या त्या, एकदा बसल्या की हलवणार कोण?

जानेवारीत गुडघाभर बर्फ पडला. तोमासानं दुपारभर फावड्यानं कोपरा उपसला आणि मधोमध आपल्या स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली. आमच्याकडे ज्यानं बर्फ उपसला त्याची जागा, बर्फ वितळेपर्यंत. शेजाऱ्याची बायको पळवणाराही अशी खुर्ची पळवत नाही.

हे नव्या इमारतीतल्या कोल्टनला कोण सांगणार? त्याला वाटलं, कुणीतरी टाकून दिलेली छान जुनी खुर्ची. ती त्यानं घरी नेली आणि मोकळ्या जागेत आपली निळी गाडी लावली. पहाटे तोमासा येऊन बघते, तर दोन्हीकडे बर्फाचे ढीग आणि मधे ही गाडी. पातेलं टेकवायला वीतभर जागा नाही.

मी पाण्याची बादली घेऊनच खाली उतरले. असल्या गाडीवर आम्ही पाणी ओततो. तासाभरात दारं गोठून बसतात. तोमासानं बादली माझ्या हातातून घेतली आणि पातेल्याच्या तळात रिकामी केली. वाफेला पाणी कमीच होतं म्हणाली. मग घोंगडीची घडी बॉनेटवर अंथरून पातेलं वर चढवलं. झाकण उघडलं आणि रांग लागली.

आठला कोल्टन आला. बॉनेटवर पातेलं, भोवती वीस माणसं. त्याला इंग्रजीतून सगळं मीच समजावलं, जरा मीठमसाला लावून. खुर्ची तिच्या स्वर्गवासी नवऱ्याची होती, हेही सांगितलं. तिचा नवरा तेव्हा घरी टीव्ही बघत होता. पोरगं कानापर्यंत लाल झालं.

"रांगेत उभा राहा, पोरा," तोमासा एवढंच म्हणाली. तो राहिला.

त्याचा दुसरा तमाला चालू होता, तेव्हा मॅनेजर कुंड्यांचा ट्रक घेऊन हजर झाला. पहाटे खिडकीतून त्याला कोपऱ्यावर नुसती गाडी दिसली होती, तोमासा नाही. तोमासाला बघून त्याचं तोंड उतरलं, तरी त्यानं कोल्टनला गाडी काढायला सांगितलं, कुंड्या ठेवायच्यात म्हणून.

"गाडी काढतो," कोल्टन तोंडातला घास गिळत म्हणाला. "पण जागा यांची आहे. बर्फ यांनी उपसलाय."

"हा कुठला कायदा?"

"तुम्ही फावडं आणलंय का?"

रांग अशी हसली, की लाँड्रीतल्या बायका बाहेर आल्या. ट्रक वळताना बर्फात रुतला. आम्हीच ढकलून दिला, अर्थात परतीच्या दिशेनं. त्यानंतर कुंड्यांचं नाव कुणी काढलेलं नाही.

नऊच्या आत पातेलं रिकामं झालं. ते बॉनेटवरून उतरवायला कोल्टननं हात लावला, तेव्हा तोमासा त्याला म्हणाली, "आता राहू दे, पण उद्या पाचच्या आत गाडी हलव. मला उशीर चालत नाही."