बबनशेठची गोड माती

बबनशेठ माती चाखायचा. गिऱ्हाईक गाडीतून उतरून बूट सांभाळत बांधावर आलं, की हा आपला पांढराशुभ्र पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून उकिडवा बसायचा. अंगठ्याजवळचं बोट मातीत खुपसायचा, डोळे मिटून तीर्थ घेतल्यासारखं बोट तोंडात घालायचा. मग म्हणायचा, "गोड हाय, पावणं. आशी माती तालुक्यात दुसरी न्हाई." जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून त्याने जितक्या जमिनी विकून दिल्या, त्या सगळ्या गोड होत्या. अवसरी बुद्रुकची काळी गोड होती, लेण्याद्रीकडची मुरमाड गोड होती आणि जिथे कुसळांशिवाय काही उगवत नाही तो माळही गोडच होता.

हे चाखणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भारावून गेलो होतो, हे कबूल करतो. मी मंचरच्या शाळेत मास्तर. माझी शेती महाळुंगे पडवळला, कॅनॉलच्या खालच्या अंगाला, दोन एकर. माणूस माती तोंडात घालतो म्हणजे तो खरं बोलत असणार, असं वाटण्याइतका मी शिकलेला होतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याच्या शेजारीच उकिडवा बसलो आणि मग दिसलं. मातीत जायचं ते अंगठ्याजवळचं बोट. तोंडात जायचं ते मधलं, कोरडं आणि स्वच्छ.

गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणालो, "शेठ, बोट बदललंत."

त्याला लाज वगैरे काही वाटली नाही. तो म्हणाला, "मास्तर, दिसाला चार-चार रानं दावायची आसत्यात. समदी खाल्ली तर प्वाट बिघडंल का न्हाई?"

त्याला शेठ कोणी केलं हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. त्याची स्वतःची जमीन त्याने सगळ्यात आधी विकली, तीही चांगली बागायती, आणि त्यानंतर लोकांच्या जमिनींवर त्याचा जीव जडला. कपाळाला गंध, खिशात दोन मोबाइल, त्यातला एक बहुतेक वेळा बंदच. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की हा बंद मोबाइल कानाला लावून कोणा साहेबाला सांगायचा, "न्हाई साहेब, आज नका येऊ, हितं दुसरं पावणं आल्यात." त्याची काही वाक्यं ठरलेली होती. "म्या जमीन इकत न्हाई, समाधान इकतो," हे गिऱ्हाइकासाठी. आमच्यासाठी वेगळं असायचं: "गिऱ्हाइकाला रान दावायचंच नसतं मास्तर. त्याला त्याचं म्हातारपण दावायचं. झाडाखाली खुर्ची टाकून बसल्यालं." हे तो इतक्या शांतपणे सांगायचा की ऐकणाऱ्याला ती अक्कल वाटावी. आम्हाला वाटायचीही.

पुण्याच्या एका जोडप्याला त्याने विकलेला माळ मला विसरता येत नाही. त्यांना म्हणे विषमुक्त धान्य पिकवायचं होतं आणि मेंढ्या पाळायच्या होत्या. गृहस्थांनी जन्मात कधी मेंढी जवळून पाहिली नसावी, कारण बोकडालाही ते मेंढीच म्हणत होते. शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. बबनशेठने आठ दिवसांत बाईंच्या आजोळचा कोणी आजोबा शोधून काढला आणि दोघांना शेतकरी करून टाकलं. मग मेंढ्यांची सोय केली, भिवा धनगराचं मेंढरांचं अख्खं खांड त्या माळावर उभं करून.

भिवा पारनेरकडचा. दिवाळी झाली की शंभर-सव्वाशे मेंढरं, दोन घोडी आणि बायको ठकाबाई यांना घेऊन तो आमच्या गावावरून कोकणात उतरायचा आणि पावसाच्या आधी त्याच वाटेने परत यायचा. जाता-येता आमच्या रानात मेंढरं बसवायचा. रात्रभर मेंढरं एका तुकड्यात बसली की त्यांच्या लेंड्या-मुताने ते रान खतावतं. आम्ही त्या बदल्यात धान्य द्यायचो. वीस वर्षं तो येत होता. आमच्या गावातल्या बऱ्याच जमिनीचा कस त्याच्या मेंढरांनी राखलेला होता, आणि त्यातली वीतभरही त्याची नव्हती.

तर त्या दिवशी माळावर मेंढरं चरत होती, बाईंनी कोकरू उचलून फोटो काढला, आणि बबनशेठ म्हणाला, "हितली मेंढरं आजारीच पडत न्हाईत, ताई. हवाच तशी हाय." मेंढरं आदल्या दिवशी आली होती आणि दुसऱ्या दिवशी जाणार होती. माळ विकला गेला. आता तिथे एक मोठं लोखंडी गेट आहे, त्याला कुलूप आहे आणि आत गवत आहे. भिवाने मला नंतर विचारलं, "गुरुजी, त्यानी माजी मेंढरं तर इकली न्हाईत ना?" आम्ही दोघं खूप हसलो. बबनशेठला हसणं ही आमची करमणूक होती. आपण त्याच्यापेक्षा बरे आहोत, हे त्यातून फुकटात सिद्ध व्हायचं.

मग भिवालाच जमीन हवी झाली. ठकाबाईचे गुडघे गेले होते. घाट उतरताना ती घोडीवर बसून रडायची. भिवा म्हणाला, "दोन एकर बास झालं. तिला एका जागी चूल मांडता यावी. थोडी ज्वारी, थोडा लसूणघास, आन् मेंढरास्नी स्वताची बसायची जागा." गावाकडच्या सात-बाऱ्यावर एका खडकाळ तुकड्याला त्याचं नाव होतं, त्यामुळे दाखल्याची अडचण नव्हती. त्याने निम्मी मेंढरं विकली, घोडी विकली, ठकाबाईचं डोरलं विकलं आणि बबनशेठकडे गेला. बबनशेठने त्याला माझ्या बांधाला लागून असलेले दोन एकर दाखवले. ते पिंपरीला नोकरी करणाऱ्या दोन भावांचे होते.

आता या दोन एकरांबद्दल, आणि अर्थात माझ्या दोन एकरांबद्दल, सांगायला हवं. दोन्ही रानं चिबड आहेत. वर कॅनॉल आहे. हिवाळ्यात कॅनॉलला पाणी सुटलं की ते आतून झिरपतं आणि रान खालून उपळतं. पाऊल टाकलं की त्यात पाणी भरतं. कॅनॉल बंद झाला की वर पांढरा खार फुटतो. माझ्या रानात गेली दहा वर्षं धड पीक आलेलं नाही. मीही ते विकायलाच काढलं होतं, बबनशेठकडेच.

भिवाने जमीन पाहिली ती मे महिन्याच्या शेवटी, कोकणातून परतताना. कॅनॉल दोन महिने कोरडा होता. बबनशेठने आदल्या आठवड्यात दोन्ही रानांत रोटाव्हेटर फिरवून पांढरा थर आत घातला होता. नेहमीप्रमाणे तो उकिडवा बसला आणि बोट मातीत खुपसलं. भिवा त्याच्याकडे पाहतही नव्हता. तो म्हणाला, "शेठ, तुमच्या जिभंचं मला काय करायचं? तीन रात्री मेंढरं बसवतो. रान वलं आसलं तर मेंढरू बसत न्हाई, उभं ऱ्हातं. मेंढरं बसली तर घेतो."

बबनशेठ लगेच हो म्हणाला. मी तिथेच होतो आणि तो का हो म्हणाला हे मला तेव्हाच कळलं. भिवाला मुरूम कळायचा, काळी कळायची, कुठल्या डोंगराला कधी गवत येतं ते कळायचं. फक्त कॅनॉलचं पाणी त्याने आमच्या गावात कधी पाहिलं नव्हतं. पाणी सुटायचं तेव्हा तो कोकणात असायचा, आणि पावसाळ्यात पारनेरला. वीस वर्षं येऊनही ते दोन-तीन महिने त्याच्या हिशेबातच नव्हते. त्याने मेंढरांवर भरवसा ठेवला, आणि मेंढरांनी त्याला खरं तेच सांगितलं. मे महिन्यातलं खरं.

तिन्ही सकाळी मेंढरं वाघरीच्या जाळीत निवांत बसून रवंथ करत होती. तिसऱ्या सकाळी भिवा बांधावर माझ्याशेजारी येऊन बसला. "मेंढरं तर बसली. पर गुरुजी, तुमी शेजारी. तुमी सांगा, कशी हाय जमीन?"

बबनशेठ दहा पावलांवर मोबाइल कानाला लावून उभा होता. आदल्याच दिवशी त्याने मला सांगितलं होतं, "ह्यो तुकडा गेला की मास्तर, त्याच भावात तुमचा." मी भिवाला म्हणालो, "मेंढरं बसली ना? मग झालं."

एवढंच म्हणालो. खोटं बोललो नाही. यावर मी बरीच वर्षं समाधानी होतो. घोडेगावला खरेदीखत झालं, तेव्हा साक्षीदार म्हणून माझी सही आणि अंगठा घेतला. बबनशेठने पेढे वाटले. बाहेर चहा पिताना तो मला म्हणाला, "मास्तर, तुमी आमच्या धंद्यात पाह्यजे व्हता." मी त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं, असं मला आठवतं.

त्या वर्षी भिवा कोकणात उतरला नाही. दिवाळीच्या सुमारास त्याने ज्वारी पेरली, घास टाकला, ठकाबाईने पत्र्याच्या छपरात चूल मांडली. जानेवारीत कॅनॉल सुटला आणि चौथ्या दिवशी चुलीत पाणी आलं. ज्वारी पिवळी पडली. मेंढरं रात्र-रात्र उभी राहू लागली, त्यांची खुरं सडली, आणि ऐन विण्याच्या दिवसांत निम्म्याच्या वर कोकरं गेली. ठकाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी ओढ्यातले दगड आणून छपरात पसरत होती. भिवा बबनशेठकडे गेला तेव्हा त्याला उत्तर तयार होतं: "जमीन मेंढरांनी पसंत केली, म्या न्हाई."

मग तो माझ्याकडे आला. ओरडला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "गुरुजी, तुमाला ठाव व्हतं?"

मी म्हणालो, "दर वर्षी इतकं नसतं." हे मात्र खोटं होतं. तो मान हलवून गेला.

बबनशेठ मागच्या वर्षी गेला. एका गिऱ्हाइकाला रान दाखवतानाच बांधावर बसला तो उठलाच नाही. आमच्याकडे दशक्रिया हा मोठा कार्यक्रम असतो. नदीच्या घाटावर मंडप, माइक, प्रवचन, आणि मग पुढाऱ्यांची भाषणं. आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या त्याला दहाव्या दिवशी सगळे जण आधारवड म्हणतात. एक जण म्हणाला, बबनशेठला मातीची जाण होती. दुसऱ्याने सांगितलं, त्याने शेकडो कुटुंबांना हक्काची जमीन दिली. मास्तर म्हणून माझ्याही हाती माइक आला. मी म्हणालो, मातीशी इमान राखणारा माणूस हरपला. समोर शेवटच्या रांगेत भिवा बसला होता. तो माझ्याकडे नाही, नदीकडे पाहत होता. त्यानेही आपला तुकडा विकायला काढला होता, पण तो कोणी घेत नव्हतं, कारण आपलं रान चिबड आहे हे तो येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगायचा. माझाही विकला गेला नव्हता. बबनशेठने मे महिना सांगितलेली गिऱ्हाइकंही हिवाळ्यातच आली आणि चिखल पाहून परत गेली.

या मे महिन्यात मीच चिंचवडचं एक गिऱ्हाईक मिळवलं. बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. त्यांना निवांत जागा हवी होती, थोडं धान्य आणि चार मेंढ्या. आठ दिवस आधी मी रोटाव्हेटर फिरवून घेतला. त्यात गैर काय, मशागत सगळेच करतात, असं बायकोने न विचारताच मी तिला सांगितलं. गृहस्थ बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "छान वाटतंय. पण माती कशी आहे हो?"

मी पँट वर ओढून उकिडवा बसलो. बोट मातीत घातलं, डोळे मिटले, तोंडात घातलं. कोरडं बोट जिभेला लागलं तेव्हा मला कळलं की मातीत घातलेलं बोट अजून बाहेरच आहे. हे मी ठरवून केलं नव्हतं. हाताने आपलं आपण केलं. मी म्हणालो, "गोड आहे."

डोळे उघडले तर बांधापलीकडे भिवा. दहा-बारा मेंढरं उरली होती, ती चारत उभा होता. तो बांध ओलांडून आला, वाकला, माझ्या रानात बोट घातलं आणि तेच बोट चाटून थुंकला. "खारी हाय, पावणं," तो गृहस्थांना म्हणाला. "घ्यायची आसंल तर जानेवारीत या. कॅनॉल सुटल्याव बघा, मंग ठरवा."

गृहस्थांनी त्याचे आभार मानले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीत जाऊन बसले. धुरळा खाली बसेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. तो शिव्या देईल असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भिवा बोट धोतराला पुसून मेंढरांकडे वळला आणि जाता जाता, जणू गावातली एखादी बातमी विचारावी तसा म्हणाला,

"बबनशेठ मेला आसं ऐकलं व्हतं म्या."