ती गाडीत बसेना

गाडीचं दार उघडं होतं आणि ती बाई आत बसायला तयार नव्हती. शेडच्या लोखंडी खांबाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. मी हात पुढे केला की जोरात मान हलवायची.

लासलगावजवळचं ते कांद्याचं खळं. खळं म्हणजे व्यापाऱ्याची शेड. लिलावात घेतलेला कांदा तिथे निवडून गोण्यांत भरतात. मी नाशिकला दिव्यांगांच्या सरकारी ऑफिसात काम करते. ही बाई चाळिशीची, ऐकू न येणारी, बोलता न येणारी. नाव, गाव कुणाला ठाऊक नाही. कांदा निवडणाऱ्या बाकीच्या बायका संध्याकाळी घरी जायच्या. हिला मालक मागच्या खोलीत ठेवायचा आणि बाहेरून कुलूप लावायचा.

हे आम्हाला कळलं कल्पनाताईंमुळे. त्या गावच्या आशा, म्हणजे घरोघर फिरून आरोग्याच्या नोंदी ठेवणाऱ्या. त्यांच्या यादीप्रमाणे त्या खोलीत कुणीच राहत नव्हतं, पण खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आलेला त्यांना दिसला. गावातल्या मोठ्यांनी त्यांना गप्प बसायला सांगितलं. त्या एसटीने थेट माझ्या ऑफिसात आल्या. पुरावा काय, असं मी विचारलं. त्यांनी वही पुढे केली. पाच महिने, कुठल्या दिवशी कुलूप पाहिलं, सगळं लिहिलेलं.

दिव्यांग माणसाला कुणी असं डांबून ठेवलं, तर प्रांतसाहेब सुटकेची ऑर्डर काढू शकतात. तशी ती निघाली. पण ऑर्डर हातात असली तरी सज्ञान बाईला मनाविरुद्ध उचलून नेता येत नाही. म्हणून मूकबधिर शाळेतले एक सर सोबत घेतले होते. त्यांची सांकेतिक भाषा तिला येईना. तीही शिकावी लागते, आणि हिला कुणी शिकवलीच नव्हती.

मालक शांत होता. म्हणाला, "ताई, घरच्यासारखी ठेवलीय. तिलाच जायचं नाय, बघा की."

आमच्यासोबत आलेल्या हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. 'स्वखुशीने राहते' एवढं लिहिलं की प्रकरण संपणार होतं. खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं.

कल्पनाताईही आमच्यासोबत आल्या होत्या, त्या जवळ आल्या. "मॅडम, ती तुम्हाला नाय म्हणत नाय. ती गाडीला नाय म्हणतीय."

त्या दर आठवड्याला खिडकीशी जायच्या. त्यातून दोघींच्या काही खुणा ठरल्या होत्या. ती स्टिअरिंग फिरवल्यासारखं करायची आणि मग स्वतःचंच मनगट घट्ट धरायची. कल्पनाताईंना वाटायचं, कुणा ड्रायव्हरबद्दल सांगतेय. तिला अशाच गाडीत कोंबून इथे आणलं होतं, हे आमची गाडी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी दार लावलं आणि गाडी लांब पाठवायला सांगितली. मग तळहातावर दोन बोटं चालवून दाखवली.

बाईने खांब सोडला.

ग्रामीण रुग्णालय तीन किलोमीटरवर होतं. आम्ही सगळे उन्हातून चालत गेलो. ती सगळ्यांच्या पुढे. अधूनमधून मागे वळून गाडी येत नाही ना, ते बघायची.

डॉक्टरांना तिच्या अंगावर माराचे जुने व्रण दिसले. जबाबाला तीन दिवस लागले. तिच्या खुणा कल्पनाताई सरांना सांगायच्या, सर शब्दांत मांडायचे, मी लिहायचे. सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग झालं. गुन्हा दाखल झाला. कोर्टात केस अजून चालू आहे.

गावात काही घरांनी कल्पनाताईंशी बोलणं टाकलं. त्यांनी मला ते कधी सांगितलं नाही, हवालदारांकडून कळलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "बोलतील की. बाळंतपणाला मीच लागते त्यांना."

बाई आता नाशिकला इंदिरानगरच्या एका संस्थेत राहते आणि सांकेतिक भाषा शिकते. घरचे अजून सापडलेले नाहीत. मागच्या भेटीत तिने माझ्या हाताच्या खुणेत चूक काढली आणि ती खूण मला तीनदा करायला लावली.

पूर्वी अशा कामाला निघताना मी पोलीस, डॉक्टर, दुभाषी या क्रमाने नावं लिहायचे. आता पहिलं नाव, ज्याला सोडवायचं त्या माणसाला नेहमी भेटणाऱ्याचं असतं. हुद्द्याच्या रकान्यात मी 'ओळखीची व्यक्ती' असं लिहिते. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी त्यावर दोनदा शेरा मारला. मी बदललेलं नाही.