न धुतलेली गाडी

वहिनीच्या गॅरेजच्या दारावर एकच पाटी होती आणि तिच्यावर गॅरेजचं नाव नव्हतं. 'गाडी धुवून आणू नये', एवढंच. नवखं गिऱ्हाईक वाचून हसायचं. त्याला वाटायचं, ओली गाडी निथळून इथं चिखल होत असेल, गटार तुंबत असेल. जुनं गिऱ्हाईक मात्र गाडी असेल तशी, चिखलाच्या पापुद्र्यासकट आणून उभी करायचं आणि मुकाट बाजूला सरकायचं. मग वहिनी हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारायची. बैल घेणारा जाणता माणूस मारतो ना, तशी. हात लावणं नाही, विचारणं नाही. धूळ कुठं बसलीय आणि कुठं बसली नाही, चेनीचं तेल कुठवर उडालंय, सायलेन्सरच्या जोडाशी काजळी धरलीय का, टायर कुठल्या अंगाने जास्त झिजलाय, एवढं बघून झालं की मगच तिचा पान्हा पेटीतून बाहेर यायचा.

ही विद्या माहेरून आणलेली नव्हे. माहेरी साधी सायकल नव्हती. गॅरेज थोरल्या दिराचं. तिचा नवरा तिथंच पुढच्या काउंटरवर बसून सुटे भाग विकायचा, म्हणजे गप्पा विकायचा आणि वर सुटे भाग द्यायचा. त्याचे दोस्त तिला वहिनी म्हणायचे, त्यांचं ऐकून सगळी गल्ली म्हणायला लागली, आणि पुढं पुढं तिच्याहून वीस वर्षांनी मोठे बापेही म्हणायला लागले. जेवणाचा डबा घेऊन ती दुपारी यायची, डबा रिकामा होईस्तोवर थांबायची. थांबता थांबता एक दिवस तिने इंजिनखालच्या तेलाच्या ओघळाकडे बोट केलं आणि म्हणाली, हा खालून नाही आला, वरून आलाय. दीर घास हातात धरून तसाच राहिला. ओघळ खरंच वरच्या झाकणातून निघून वाऱ्याने मागं सरकत खाली उतरला होता, आणि दीर सकाळपासून खालचे बोल्ट आवळत बसला होता.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच गॅरेजात हजर झाली, आणि डबा नवऱ्याने आणला.

दिराने तिला हातचं राखून शिकवलं नाही. शिव्याही मोजून दिल्या नाहीत. पाटी त्याचीच आणि पाटीमागचं म्हणणंही त्याचंच. "मळकी गाडी सगळं सांगते, पोरी," तो म्हणायचा. "धुतलेली तोंड मिटून बसते."

वहिनीने ते म्हणणं आणखी पुढं नेलं. बेकरीवाल्याची गाडी सकाळी हँडलला लटलट हलायची. तो बिचारा संध्याकाळी धंदा आटोपून यायचा, वहिनी चालवून बघायची, तर गाडी सुतासारखी सरळ. गावभर मेकॅनिक फिरून झाले, सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. वहिनी म्हणाली, उद्या पाव भरून या. तो मागं पावाचे क्रेट रचून आला. ओझ्याने मागची बाजू बसली, पुढची हलकी झाली, आणि हँडलखालच्या बेअरिंगची ढिलाई लगेच चव्हाट्यावर आली. बेअरिंग आवळलं, लटलट गेली. तेव्हापासून तिने पाटीवरच्या नियमाला तोंडी पुस्ती जोडली: गाडी जशी चालवता तशीच आणा.

एवढं कळणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार होता.

दिराची एक मोठी गाडी होती. दूरच्या प्रवासाची, दोन सिलिंडरची, पुढं वारा अडवायला काच, दोन्ही कुशींना टणक पेट्या, टाकीवर बॅग. त्याने ती भंगारातून उचलून तरुणपणी उभी केली होती, आणि दर वर्षी बायकोला मागं बसवून तो डोंगरापलीकडे, समुद्राकडे, जिकडे रस्ता जाईल तिकडे जाऊन यायचा. घरात त्या गाडीला 'थोरली' म्हणत. जाऊबाई म्हणायच्या, "ह्या घरातली थोरली ती. मी तिच्यानंतर आले, मी धाकटी."

गुडघ्यांनी कुरकुर सुरू केल्यावर दिराने गॅरेज वहिनीच्या हाती सोपवलं, पण थोरली स्वतःकडे ठेवली. आणि मागच्या वर्षापासून थोरली रस्त्यात दगा द्यायला लागली. गावात कितीही फिरवा, तक्रार नाही. प्रवासाला निघालं, डोंगराचा चढ लागला की आधी आचके द्यायची आणि मग गप्प. दीर उतरायचा, हत्यारं काढायचा, प्लग काढून पुसायचा, पुन्हा लावायचा, आणि गाडी पहिल्या किकला चालू. पुढं तासाभरात पुन्हा तेच. त्याने ठरवलं, कॉइल तापून मरतेय, निवली की जगतेय. कॉइल बदलली. वायरी बदलल्या. दोन्ही कार्बोरेटर उघडून जाळीपर्यंत साफ केले. थोरली गावात गाईसारखी गरीब, डोंगरात पुन्हा खेचर.

प्रत्येक खेपेला तो ती वहिनीकडे घेऊन यायचा. आणि प्रत्येक खेपेला धुवून आणायचा. नुसती धुवून नव्हे, पेट्या उतरवून, बॅग काढून, टाकीला मेण घासून, आरशासारखी. ज्याने पाटी लिहिली तोच. परक्याची गाडी मळकी चालेल, आपली कशी चारचौघांत तशी न्यावी! वहिनीला ते दिसायचं. पण थोरल्या दिराला, त्यातून शिकवणाऱ्याला, तुझीच पाटी वाच म्हणून कोण सांगणार? ती त्या चकचकीत गाडीभोवती फेरी मारायची, काही दिसायचं नाही, चालवून बघायची, काही व्हायचं नाही. म्हणायची, "भावजी, मला तर ठीक वाटतेय." त्याचा मान राखायला गप्प बसायची, आणि तिच्या गप्प बसण्याचा अर्थ तो एवढाच घ्यायचा, की हिलाही सापडत नाही म्हणजे आता सापडण्यासारखं काही उरलं नाही.

मग शेवटच्या प्रवासात ती भर वळणावर बंद पडली. मागून येणारा ट्रक हातभर अंतरावरून गेला. दीर घरी आला, गाडी उभी केली आणि दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला शब्द देऊन आला. हॉटेलवाल्याला दारात शोभेला जुनी गाडी हवी होती. चौथऱ्यावर उभी करणार, तेल काढून टाकणार, पेट्यांत माती भरून फुलझाडं लावणार. रविवारी टेम्पो येणार होता.

वहिनीला हे नवऱ्याने काउंटरवरून सांगितलं. नेहमी एका बातमीची चार करणारा माणूस, पण ह्या वेळी दोन वाक्यांत आटपला.  तिने हातातलं काम संपवलं, हात पुसले आणि दिराच्या घरी गेली.

दीर अंगणात थोरली धूत होता. विकायच्या आधी शेवटची अंघोळ. पेट्या ओट्यावर, बॅग दोरीवर. आणि बॅगेशेजारी दोरीवर आणखी एक वस्तू वाळत होती, वहिनीने कधी न बघितलेली: रेक्झिनचं, आतून स्पंज लावलेलं, टाकीच्या आकाराचं खोगीर.

तिने जाऊबाईंना विचारलं. जाऊबाई सांगायला लागल्या, की बॅगेची चेन टाकीचा रंग खरवडायची, ह्यांचा जीव वरखाली व्हायचा, म्हणून सोफ्याचं उरलेलं रेक्झिन घेऊन मागच्या वर्षी आपण हे शिवलं. टाकीच्या झाकणावर एक झडपही ठेवली, पेट्रोल भरायचं तर उघडता यावी म्हणून. चांगलं घट्ट बसतं, वाऱ्याने उडत नाही. बोलताना त्या त्यावर हात फिरवत होत्या. शिवण खरंच बघण्यासारखी होती.

वहिनीने खोगीर उलटून बघितलं, झडपेच्या आतल्या स्पंजवर अंगठा दाबला, आणि तिला आधी स्वतःचाच राग आला. वर्षभर तिने ही गाडी कधी प्रवासाच्या वेषात बघितलीच नव्हती. पण अजून तो नुसता संशय होता. संशयावर ती बोल्टसुद्धा उघडत नसे.

"भावजी," ती म्हणाली, "उद्या सकाळी मला थोरली हवी. पेट्या भरलेल्या, टाकी काठोकाठ, बॅग चढवलेली. तुम्ही निघता तशी. आणि मागं ताई."

दिराने पाण्याचा पाइप बंद केला. म्हणाला, गाडी दिली मी, विषय संपला.

"रविवारी द्या. उद्या गुरुवार आहे." आणि जरा थांबून म्हणाली, "पाटी तुमची आहे. आजवर मी तुम्हाला ती दाखवली नाही, हे चुकलं माझं."

 दिराने पाइप पुन्हा सुरू केला. नाही म्हणाला नाही, म्हणजे हो.

सकाळी दोघी जावा निघाल्या. वहिनीचे पाय कसेबसे जमिनीला पोचत होते, पण एकदा चाक फिरलं की उंचीला कोण विचारतो. जाऊबाई मागं बसल्या त्या सवयीने ऐसपैस, जशा आपल्या ओट्यावर. ट्रकाच्या प्रकारानंतर त्यांनी पुन्हा बसणार नाही असं म्हटलं होतं. वहिनीने त्याची आठवण दिली, तर म्हणाल्या, ते मी त्यांना म्हटलं होतं, तुला नाही.

गाव मागं पडलं, शेतं मागं पडली, चढ सुरू झाला. जाऊबाईंची मागून बडबड चालू होती. घरात हा माणूस माझं ऐकत नाही, त्या सांगत होत्या, पण गाडीवर पाठमोरा असतो, पळून जाता येत नाही. आमचे सगळे निर्णय हिच्यावरच झाले. मुलीचं लग्न, घराचं छप्पर, सगळं. आता फुलझाडं लावणार म्हणे हिच्यात. आता ऐकवायचं असलं की मी काय हॉटेलच्या दारात जाऊन बसू?

वहिनी हसणार होती, तेवढ्यात थोरलीने आचका दिला. मग दुसरा. इंजिन घशात काही अडकल्यासारखं झालं आणि मेलं.

वहिनीने गाडी कडेच्या मोकळ्या जागेत घेतली. जाऊबाई उतरल्या आणि सवयीने म्हणाल्या, हत्यारं बॅगेतच आहेत, काढते. त्यांचा हात बॅगेच्या पट्ट्याला लागणार तोच वहिनीने मनगट धरलं.

तिथंच सगळी मेख होती. दर वेळी गाडी बंद पडायची, दर वेळी हत्यारांसाठी दीर आधी बॅग उचलायचा, आणि दुखणं तिथंच बरं व्हायचं. पुढं तो प्लग पुसायचा, कॉइलला हात लावून तापलीय म्हणायचा, ते सगळं बऱ्या झालेल्या रोग्याला औषध होतं.

वहिनी टाकीपाशी वाकली. बॅग जागेवरच ठेवून तिने एका कडेने खोगिराखाली बोटं सारली, झडपेखाली झाकणापर्यंत नेली, आणि झाकण अर्धं फिरवलं.

सुस्स झालं. बाहेरची हवा आत ओढली गेली, एवढ्या जोराने की जाऊबाईही दचकल्या. पाण्यात बुडालेलं माणूस वर येऊन घेतं तसा श्वास होता तो. वहिनीने जरा थांबून झाकण लावलं आणि किक मारली. थोरली चालू.

मग तिने समजावून सांगितलं. झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल खाली जातं तितकी हवा त्यातून आत येते. झडपेचा स्पंज त्या भोकावर बसायचा, वरून बॅगेचं वजन. हवा आत येईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. टाकी काठोकाठ भरलेली असली की आत हवा मुळातच कमी, मग आणखी लवकर अडायचं. त्यात चढावर इंजिनाची तहान मोठी. गावात फिरताना ना बॅग, ना खोगीर.

जाऊबाई कठड्यावर बसल्या. 

"नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "मी वर्षभर हिचं नाक दाबून ठेवलं, तरी ही बया तोंड उघडेना. तो ट्रक..."

"तुम्ही शिवलं ते भावजींनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही," वहिनी म्हणाली. "दोष तिघांत वाटून घेऊ. कात्री आहे?"

कात्री नव्हती. वहिनीने पेटीतला चाकू घेतला आणि चाकू जाऊबाईंच्याच हातात दिला. शिवण त्यांची, कापायचं त्यांनी. जाऊबाईंनी झडपेतला स्पंज कापून काढला, रेक्झिनला चांगलं रुपयाएवढं भोक पाडलं, आणि म्हणाल्या, घरी जाऊन काठ दुमडून टीप मारीन, नाहीतर उसवेल. मग दोघी डोंगर चढून पलीकडे उतरल्या आणि तशाच परत आल्या. थोरलीने कुठं शिंकसुद्धा दिली नाही.

दिराने सगळं ऐकून घेतलं. झाकण काढलं, भोकातून फुंकर मारली, खोगिराचं कापलेलं तोंड बघितलं. आपण कॉइल बदलली हे त्याने स्वतःच दोनदा म्हटलं, दुसऱ्या खेपेला जरा हसून. मग अडलं ते शब्दावर. शब्द दिलाय, तो म्हणाला, आता मागं कसा घेऊ. तो असल्या बाबतीत हट्टी गडी होता.

तो पेच वहिनीच्या नवऱ्याने सोडवला. आयुष्यभराच्या गप्पा त्या दिवशी कामी आल्या. गॅरेजमागे जुन्या गाडीचा एक सांगाडा पडला होता, आत इंजिनच नाही. त्याने हॉटेलवाल्याला पटवलं, की तेल काढायचीही कटकट नाही, वजनाला हलका, चौथरा खचणार नाही. हॉटेलवाल्याला फुलझाडांशी मतलब. टेम्पो आला आणि सांगाडा घेऊन गेला.

पुढच्या महिन्यात दीर आणि जाऊबाई समुद्राकडे गेले. कुठून खबर नाही, बात नाही. परतले ते थेट गॅरेजवर, घरी न जाता. थोरली दारात उभी राहिली. चिखल गुडघाभर, काचेवर किडे, पेट्यांवर वाळूचे थर, खोगिराच्या भोकाला लाल दोऱ्याची टीप. जाऊबाई उतरून काउंटरवर पाणी मागायला गेल्या. दिराने पाटीकडे बघितलं, हेल्मेट काढलं आणि बाजूला सरकला, गिऱ्हाईक सरकतं तसा.

वहिनीने हात पाठीमागे बांधले. फेरी मारली. मागच्या चाकाशी वाकली. चेनीच्या चक्राचे दात एकाच अंगाने घासून चकाकत होते.

"चाक तिरकं बसवलंय कुणीतरी," ती म्हणाली.

"मीच," दीर म्हणाला.

"दिसतंय," वहिनी म्हणाली, आणि पान्हा काढला.