साक्षीची वेळ

कढणाऱ्या द्राक्षांना दोन वास असतात. आधी येतो तो सालीचा, हिरवट, जिभेच्या कडा आखडून घेणारा. मग रस आटू लागतो, पातेल्याच्या काठाला चिकटून किंचित करपतो, आणि त्याखालून एक जड गोड वास उठतो, जो केसांना आणि उशीच्या अभ्र्यांना पुढे कितीतरी वेळ धरून राहतो. आमच्या मंडळीच्या प्रभुभोजनाचा रस वर्षानुवर्षे आईच करते. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रत्येकाच्या हाती जो इवला पेला येतो, त्यातला रस आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात कढलेला असतो. द्राक्षे आणण्याचे काम धाकट्या भावाचे. तो बारामतीत ठिबक सिंचनाच्या दुकानात नोकरी करतो. इंदापूरपर्यंतच्या बागांचे बांध त्याच्या पायाखालचे आहेत.

त्या शनिवारी संध्याकाळी दुसरा वास घरभर पसरला, तेव्हा भाऊ ओट्याशेजारच्या स्टुलावर बसला होता आणि मी ओल्या फडक्याने त्याच्या कानामागचे रक्त पुसत होते. पिंपळीच्या अलीकडे, कालव्याच्या पुलावर, तिघांनी मोटारसायकल आडवी घालून त्याला मारले होते. द्राक्षांची पेटी शाबूत होती. घरी येऊन त्याने आधी ती ओट्यावर ठेवली आणि मग तो बसला. आईने त्याच्याकडे पाहिले, पेटीकडे पाहिले, आणि गॅस पेटवला. एका हाताने ती रस ढवळत राहिली, दुसऱ्याने त्याच्या कपाळाला हळद लावत राहिली, आणि दोन्ही हातांची गती एकच होती.

"उद्या मंडळी पेला मागंल," एवढेच ती म्हणाली.

त्या पेल्यातला रस माझ्या भावाला मात्र वर्ज्य होता.

माझ्या भावाचे प्रेम पुरुषावर आहे. आम्हा घरच्यांना हे पुष्कळ आधीपासून ठाऊक होते. ठाऊक असण्याचेही एक मौन असते, त्यात आम्ही राहत होतो. गेल्या वर्षी इंदापुरातल्या एका रसवंतीत तो आणि त्याचा मित्र हातात हात घेऊन बसल्याचा फोटो कुणीतरी मोबाईलवर पसरवला आणि ते मौन मोडून गोष्ट गावाची झाली. पाळकसाहेब घरी आले. ते मवाळ गृहस्थ आहेत. वडीलजनांचे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांचे, असे मत पडले होते की भावाने काही काळ पेटी वाजवू नये आणि प्रभुभोजनाच्या मेजाजवळही येऊ नये. लहानपणी पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून तो चर्चची पेटी वाजवत आला होता. त्यानंतरच्या रविवारी गीते पेटीवाचून झाली आणि दुसऱ्याच कडव्यात सगळ्यांचा सूर खाली आला.

बायका आईला धीर द्यायला येत. एकीने सुचवले, "लगीन लावून द्या, समदं जाईल."

"ताप हाय व्हय, उतरायला?" आई म्हणाली, आणि तिच्यासाठी चहा टाकायला उठली.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ते जुने कलम न्यायालयाने केव्हाच काढून टाकले होते. देशाच्या लेखी माझा भाऊ गुन्हेगार नव्हता. आमच्या मंडळीच्या लेखी त्याचा खटला अजून चालूच होता.

पोलीस ठाण्यात मी त्याच्याबरोबर गेले. हवालदार वाईट माणूस नव्हता, कंटाळलेला होता.

"ताई, ती पोरं म्हणत्यात, ह्यानं गाडी आडवी मारली, त्यावरनं वाद झाला. आसलं रोज येतंय."

"मारताना ते काय म्हणत होते, तेही लिहा."

"शिवीगाळ लिवलंय की."

"कोणती शिवी?"

"शिवी ती शिवी. तिच्यात काय व्हरायटी असती?"

ओळखीच्या एका वकीलबाईंनी मला शांतपणे समजावले. भावासारख्यांवर द्वेषापोटी हल्ला झाला तर त्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही; मागणी आहे, त्यावर वाद आहेत, कायदा नाही. तरी मारणारे मारताना काय बोलत होते हे एखाद्या तिऱ्हाईताने सांगितले, तर निदान न्यायाधीशापुढे कारण येईल. नाहीतर कागदावर ही गाडीवरून झालेली किरकोळ मारामारी म्हणून राहील.

परतताना भाऊ म्हणाला, "अक्का, मला गाडीवरनं मारलं न्हाय. तेवढं एक खरं लिवलं तरी बास. शिक्षा हूं दे न्हायतर न हूं दे." मग सुजलेली बोटे माझ्यापुढे धरून तो हसला. फुटलेल्या ओठामुळे ते हसणे एका बाजूलाच राहिले. "पेटी काढून घेतली ते बरंच झालं. आता मंडळीचं काय अडलं न्हाय."

त्याच दिवशी त्याने मला उरलेले सांगितले. पुलाच्या कठड्याजवळ एक मोपेड थांबली होती. तिच्यावर तात्या होते. त्यांनीच "अरं ए!" असा आवाज दिला, म्हणून ते तिघे पळाले. भाऊ उठून उभा राहीपर्यंत तात्यांची मोपेडही गेली होती.

तात्या म्हणजे आमच्या वडीलजनांतले सर्वांत ज्येष्ठ. साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचे वजन होते त्या काट्यावर त्यांचे आयुष्य गेले. पेटी काढून घ्यावी असे प्रथम म्हणाले ते तेच.

त्याच आठवड्यात चर्चमध्ये बैठक होती, आणि तिचा विषय योगायोगाने कायदाच होता. काही महिन्यांपूर्वी सणसरच्या बाजूला एका वस्तीवर आमच्या माणसांची प्रार्थनासभा उधळली गेली होती. दोघांना मार बसला, गीतपुस्तके चिखलात गेली. अशा हल्ल्यांसाठी कडक कायदा हवा, असे निवेदन मंडळी सरकारला देणार होती. मी महाविद्यालयात मराठी शिकवते, म्हणून मसुदा माझ्याकडे आला होता. त्यात मी लिहिले होते की माणसाला तो जो आहे त्याबद्दल मारणे हा त्याच्या एकट्याच्या देहावरचा घाव नसतो. त्याच्यासारख्या प्रत्येकाच्या दारावर मारलेली ती थाप असते. मागच्या बैठकीत तात्यांनी हे वाक्य दोनदा वाचायला लावले होते. "बेस लिव्हलंय," ते म्हणाले होते.

आता तेच वाक्य त्यांना नको होते.

"'तो जो आहे' म्हंजे कोण?" त्यांनी विचारले. "ह्यात समदंच येतंय. 'श्रद्धेमुळे' असं घाल."

बँकेत नोकरी करणारा एक तरुण वडीलजन त्यांच्या बाजूने बोलला, आणि त्याची भीती खोटी नव्हती. "आज आपण द्वेषाचा कायदा मागायचा आणि उद्या पाळकसाहेबांनी शास्त्रातलं वचन वाचलं, की त्यालाच कुणी द्वेष म्हणायचं. परदेशात असे वाद झालेत."

"वाचण्याबद्दल कुणी काही म्हणत नाही," मी म्हटले. "हातापायांनी केलेल्या कामाबद्दल चाललंय."

"घाव तो घाव," तात्या म्हणाले. "मारणाऱ्याच्या मनात काय व्हतं ते देव बघंल. मन काय काट्यावर घालायचं असतं?"

"मग आपल्याला मारलं त्याचा वेगळा कायदा आपण का मागतो, तात्या?"

पंखा फिरत होता. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि तो पुसणे लांबवले. मी तात्यांकडे पाहत होते. ते टोपीच्या काठावरून बोट फिरवत होते. पुलाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. 'श्रद्धेमुळे' हा शब्द बहुमताने मसुद्यात आला, आणि बैठक नेहमीप्रमाणे प्रार्थनेने संपली. घरी येऊन मी आईला सगळे सांगितले, पुलावरच्या मोपेडसकट. तिने ऐकून घेतले आणि मेथी निवडत राहिली.

आमच्या उपासनेत प्रवचनाआधी साक्षीची वेळ असते. देवाने आपल्यासाठी काही केले असे ज्याला वाटते, तो उठून ते सांगतो: कुणाची साखर उतरलेली असते, कुणाच्या मुलीला नोकरी लागलेली असते, कुणाची अडलेली म्हैस सुखरूप व्यालेली असते. प्रत्येक साक्षीमागून मंडळी आमेन म्हणते. आई बहुधा आपल्या गुडघ्यांविषयी बोलते. त्या रविवारी ती उठली तेव्हा शेजारची बाई तिला पुढे जायला वाट मिळावी म्हणून गुडघे आवरून घेऊ लागली. पण आई जिथे होती तिथेच उभी राहिली.

"माझ्या पोराला पुलावर मारलं," ती म्हणाली. "जित्ता घरी आला, म्हणून देवाची स्तुती करते."

आमेन आले, विरळ, चुकल्यासारखे. भाऊ शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. आई खाली बसली नाही.

"आता दुसरी साक्ष. ती माझी न्हाय. ज्यानं बघितलं त्याची हाय. हितं आपण लई साक्षी देतो. हितं कोण उलटं विचारत न्हाय, समदी आमेन म्हणत्यात. ठाण्यात आमेन म्हणत न्हाईत. म्हणून तितं कोण जात न्हाय का?"

तिने कुणाकडेही बोट दाखवले नाही, कुणाकडे पाहिलेही नाही. पदर सारखा करून ती बसली. बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता. त्याच्या टेपवरचे लग्नाचे गाणे खिडकीतून आत आले, लांबत गेले, आणि तरीही आमेन कुणी म्हटले नाही. मला शिकवण्याच्या निमित्ताने शब्दांचे अर्थ सुटे करून पाहण्याची सवय आहे. पण साक्ष हा एकच शब्द चर्चमध्येही राहतो आणि ठाण्यातही, हे त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी मोपेड थांबली. तात्यांनी रविवारचा सदरा घातला होता.

"ठाणं कवा उघडतं?" त्यांनी मला विचारले.

"ते बंद होत नाही, तात्या."

"मग चल. तुझ्या आईला चहा टाकू नको म्हणावं. माझ्यानं घोट गिळायचा न्हाय."

ठाण्यात तोच हवालदार होता. तात्यांना त्याने खुर्ची दिली, पाणी दिले. तात्यांनी पूल सांगितला, वेळ सांगितली, तिघांची अंगकाठी सांगितली. कोणाच्या हातात कडे होते तेही सांगितले. गाडी आडवी कोणी घातली या प्रश्नाला ते म्हणाले, "त्यांनी. पोरगं आपल्या बाजूनं येत व्हतं." हवालदाराचे लेखन चालू होते.

"मारताना काय बोलत होते?"

"वंगाळ."

"म्हंजे शिवीगाळ."

"शिवीगाळ न्हाय," तात्या म्हणाले. पेन थांबले. "शिवीगाळ कुणाला बी करत्यात. हे त्याला एकट्यालाच व्हतं. त्येच्यापायी मारत व्हते."

"मग शब्द सांगा, आजोबा. तोच लिहितो."

तात्यांनी तोंड उघडले. मग मिटले. ते खुर्चीवरून उठले. "जरा थांबा," म्हणाले आणि व्हरांड्यात आले. मी मागोमाग गेले. भिंतीलगत जप्तीच्या मोटारसायकली गंजत उभ्या होत्या. तापलेल्या रेक्झिनचा आणि जुन्या तेलाचा वास होता. तात्या कठड्याला धरून उभे राहिले.

"वाईट वाटून घेऊ नगं," ते म्हणाले. "मला ते पापच वाटतं. उद्या बी वाटंल. निवेदनातला शब्द बी मी बदलू द्यायचो न्हाय."

"मग कशाला आलात?"

"बघितलं म्हणून." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "ऐकलं म्हणून. अर्धं सांगून घरी गेलो तर ती खोटी साक्ष हुईल. तुझी आई बरोबर बोलली."

त्यांचा श्वास चढला होता, तो उतरायची मी वाट पाहिली.

"काट्यावर व्हतो तवा माझ्या तोंडात शिवीबिगर वाक्य नसायचं. गाडीवान हसायचे माझ्या शिव्या ऐकून. बाप्तिस्मा घेतला, तवा पाळकांनी इचारलं, देवाला काय देशील? म्हटलं, जीभ धुऊन देतो. तवापासनं घाण शब्द काढला न्हाय. बायकोपाशी न्हाय, बैलापाशी बी न्हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिले. म्हाताऱ्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. उन्हाने की कशाने, मला सांगता येणार नाही. "आत त्याच्यासमोर जीभ वळंना. तुझ्यापाशी एकदा काढून बघतो. म्हंजे आत निघंल. तू त्याची भन हाईस. चालंल का?"

"काढा, तात्या," मी म्हटले.

त्यांनी डोक्यावरची टोपी उतरवली, प्रार्थनेआधी उतरवतात तशी, आणि ती छातीशी धरली. मग त्या तिघांच्या आवाजात नव्हे, स्वतःच्याच थकलेल्या, स्वच्छ आवाजात, एकेक अक्षर जपून उचलत त्यांनी तो शब्द मला सांगितला.

"छक्क्या."